भगवान घरतचा नवा क्लीनर

भगवान घरत ट्रेलर मागे घ्यायला लागला की न्हावा शेव्याच्या यार्डातली माणसं चहाचा कप हातातच धरून बघत राहायची. चाळीस फुटी धूड, वर कंटेनर, दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर जागा, आणि हा गडी बडीशेप चघळत, आरशात एक नजर टाकून, एका दमात ते धूड आत नेऊन बसवायचा. बघणाऱ्याला वाटायचं, सोपंच असणार. मग तोच बघणारा स्वतःचा ट्रेलर मागे घ्यायचा आणि खांबाला लावायचा.

भगवान लाइनचा ड्रायव्हर होता. म्हणजे माल घेऊन लुधियाना, दिल्ली, कानपूर असा लांब जाणारा. बंदरातून यार्डात आणि यार्डातून बंदरात लोकल फेऱ्या मारणाऱ्या ड्रायव्हरांना तो रिक्षावाले म्हणायचा. तोंडावर म्हणायचा वर. "तुमी काय बाबा, दुपारी घरी जेवनारे," असं म्हणून मिशी पिळायचा. गव्हाण गावात त्याचा रुबाब होता, आणि तो रुबाब त्याला चांगलाच ठाऊक होता.

आणि अशा या वाघाला घरात त्याचं स्वतःचं दोन वर्षांचं पोरगं काडीची किंमत देत नव्हतं.

पोराचं नाव हृतिक. त्या एक-दोन वर्षांत गावात जन्मलेल्या पोरांत चार हृतिक होते. अंगणात उभं राहून हाक मारली की चारही दिशांनी शेंबडी नाकं धावत यायची. हा हृतिक मोठा माणसाळलेला. गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याच्या कडेवर जायचा, पोस्टमनच्या खिशात हात घालायचा, बर्फाच्या गाडीवाल्याला पापा द्यायचा. फक्त भगवान घरात शिरला की तो आजीच्या लुगड्यात तोंड खुपसायचा आणि एक डोळा बाहेर काढून दाराकडे बोट दाखवायचा. भगवाननं हात पुढे केले की सायरन सुरू.

ही गोष्ट गावभर झाली, गावाची होती ती यार्डाची झाली. "भग्या, पोराची कस्टम अजून क्लिअर नाय झाली वाटतं!" असं कुणीतरी ओरडायचं आणि सगळे हसायचे. भगवानही हसायचा. घरी आल्यावर मात्र तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याला फार लागलं होतं ते. परमुलखात गाडी चालवताना हा माणूस रात्रंदिवस त्या पोराचा विचार करायचा, समोर काचेला त्याचा फोटो लावलेला. आणि फोटोतलं पोर तेवढं हसायचं.

"मनीषा, मी भयंकर दिसतो काय गं?" त्यानं एकदा बायकोला विचारलं.

"मिशीला घाबरत आसंल," मनीषा सहज बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवाननं मिशी काढली. सोळाव्या वर्षापासून वाढवलेली मिशी! आई, म्हणजे हौसाबाय, त्याला बघून कपाळावर हात मारून खालीच बसली. आणि हृतिक? त्याला आधी निदान हा मिशीवाला बाप्या अधूनमधून येतो एवढं तरी माहीत होतं. आता हा कोण आणखी नवा? त्यानं दुप्पट भोकाड पसरलं.

मनीषानं मग खरं काय ते सांगितलं. "मिशीत काय नाय. महिन्यातनं चार दिस घरी येनारा मानूस पोराला पाव्हनाच वाटनार. तुमी लोकलला जा. रोज दिसाल तर रोजचे व्हाल."

"लोकल? मी?" भगवान ताडकन उठून बसला. "यार्डात तोंड कुठं दाखवू? त्यापरीस पोराला फिरवतो. मोठमोठी शहरं दाखवतो. बघ, एका सुट्टीत गळ्यात पडंल."

झालं. त्या दिवसापासून घरतांच्या घरात सहली सुरू झाल्या. भगवान फेरीवरून आला की आंघोळ, जेवण, झोप, आणि उठला की, "चला, तयार व्हा." शिवा नावाचा त्याचा लंगोटीयार शाळेच्या पोरांची ने-आण करायचा, त्याची ओम्नी व्हॅन सुट्टीच्या दिवशी रिकामी उभी असायची. ती भगवाननं हक्कानं उचलायची.

आता ट्रेलरवाल्याच्या हातात ओम्नी म्हणजे काय, ते ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. भगवानच्या डोक्यातून मागचे चाळीस फूट काही जायचे नाहीत. डावीकडे वळायचं असलं की तो आधी गाडी पार उजवीकडे न्यायचा, सगळा रस्ता अडवायचा, आणि मग हत्तीच्या चालीनं ती चिमुकली डबी वळवायचा. मागचे लोक शिव्या घालायचे. टोलनाक्यावर तो अवजड वाहनांच्या रांगेत दोन ट्रकांच्या मध्ये जाऊन उभा राहायचा आणि शेजारी मोकळी असलेली रांग त्याला दिसायचीसुद्धा नाही. मनीषा पदर डोक्यावरून चेहऱ्यापर्यंत ओढून घ्यायची.

पहिली सहल कर्नाळ्याची झाली. पक्षी बघायला गेले आणि माकडं बघून आले. किंवा माकडंच त्यांना बघून गेली म्हणा, कारण हौसाबायनं बांधून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्यांची चवड एका दांडग्या वानरानं भगवानच्या हातातून हिसकली आणि झाडावर बसून निवांत खाल्ली. हृतिक टाळ्या पिटत होता, पण वानरासाठी.

दुसरी सहल मुंबईची, मत्स्यालयाची. हा बेत भगवाननं फार हौसेनं आखला होता. काचेच्या मोठाल्या टाक्या, त्यात दिवे, रंगीत मासे. बाकीची मुंबईकर पोरं "मम्मी, फिश! फिश!" करत होती. हृतिकनं काचेला नाक लावलं, आतल्या जाडजूड माशाकडे टक लावून बघितलं आणि वळून खणखणीत आवाजात म्हणाला, "आजी, कालवन!"

हौसाबायनं पुढे होऊन माशाची पारख केली. जन्म गेला होता तिचा मासळीत. "भरल्याला हाय," ती म्हणाली. "आंबट कालवन चांगलं होईल याचं. पन या लोकांनी किती दिस पान्यात ठेवलाय कोन जाने." शेजारची एक बाई आपल्या मुलीचे कान झाकून पुढच्या टाकीकडे निघून गेली. घरी येईपर्यंत हृतिक आजीच्या मांडीवरच होता आणि मासे मिळाले नाहीत म्हणून रुसलेला होता. तो राग त्यानं भगवानवर काढला, कारण दुसरं कोण होतं?

मनीषाच्या लक्षात यायला लागलं होतं. आजी असली की पोर आजीकडे, आजी नसली की आईकडे. बापाची पाळी यायची कधी? बापाकडे जायला पोराला काही कारणच उरत नव्हतं. ती गप्प राहिली आणि संधीची वाट बघत बसली.

संधी आली ती चुलत जावेच्या भाच्याच्या हळदीनं. आगरी हळद म्हणजे लग्नाची मोठी बहीण. रात्रभर बेंजो, नाच, मटणाचं जेवण. हौसाबाय एक वेळ स्वर्गात जायचं टाळेल, पण हळद चुकवायची नाही. नेमक्या त्याच शनिवारी मनीषानं पुण्याचा बेत पुढे केला. दोन दिवस, लॉजवर राहायचं, तिघंच. घरातर्फे हळदीला आजी आहेच की!

"मना काय, मी काय कुठं येत नाय," हौसाबाय म्हणाली, आणि फुगून बसली. तरी निघताना तिनं भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, कोलंबीचं लोणचं आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन गाडीत चढवलाच. पुण्यात पाणी मिळतं यावर तिचा विश्वास नव्हता.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतभर गाडी हाकणाऱ्या भगवानच्या बायकोला गाडी लागायची. कळंबोलीपर्यंत ती बरी होती. खालापूर गेलं आणि ती गप्प झाली. घाट सुरू झाला तशी तिनं खिडकीबाहेर मान काढली ती लोणावळ्याला आत घेतली. भगवान डाव्या कडेनं, ट्रकांच्या मागोमाग, माल भरल्यासारखा सावकाश घाट चढवत होता, त्यामुळे तिचे हाल लवकर संपेनातही. स्वारगेटजवळच्या लॉजवर पोहोचल्यावर ती आडवी झाली आणि जेवलीही नाही.

हे सगळं खरं होतं. सकाळी मात्र ती टुणटुणीत बरी होऊन उठली होती. हेही तितकंच खरं. तिनं डोळे किलकिले करून बघितलं. हृतिक पलंगावर बसून बापाकडे संशयानं बघत होता, आणि बाप त्याच्याकडे भीत भीत बघत होता. तिनं पुन्हा डोळे मिटले.

"अवो, माझं डोकं लय गरगरतंय," ती कण्हत म्हणाली. "तुमी दोघं जाऊन या. बागेत छोटी आगगाडी हाय म्हनं, पोरांची. तिच्यात बसवा त्याला."

"एकटा?" भगवान एक पाऊल मागे सरला. "आगं, रडंल तो!"

"रडंल तर रडंल. तुमी नका रडू म्हंजे झालं."

दोघं बाहेर पडल्यावर तिनं खाली निरोप धाडून मसाला डोसा मागवला, पाय पसरून एकटीनं खाल्ला आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा गरम चहा गरम असताना प्याली. ही गोष्ट तिनं पुढे कितीतरी वर्षं नवऱ्याला सांगितली नाही.

इकडे गल्लीत सायरन चालू होता. भगवाननं पोराला पुढच्या सीटवर बसवलं, हौसाबायच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यानं सीटला बांधलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला. पोरानं पुडा भिरकावला. लॉजचा मॅनेजर गॅलरीत येऊन बघायला लागला, हा कुणाचं पोर पळवून नेतोय की काय! भगवानला घाम फुटला. लवकर निघावं म्हणून त्यानं गाडी सुरू केली, उलटा गिअर टाकला आणि सवयीनं, अगदी वर्षानुवर्षांच्या सवयीनं, डावीकडे बघून ओरडला, "बघ रे, डावी बाजू!"

डावीकडे क्लीनर बसतो ना. ट्रेलरची डावी बाजू ड्रायव्हरला दिसत नाही; ती क्लीनरनं बघायची आणि पत्र्यावर थाप मारून सांगायचं.

हृतिकचं रडणं मध्येच अडकलं. आजवर त्याच्याशी सगळे "अले अले, कोन ललतंय" असंच बोलत आले होते. कुणी त्याला काम सांगितलं नव्हतं.

भगवानला त्यात जरासा धीर आला. पोराशी कसं बोलावं हे त्याला माहीत नव्हतं, पण क्लीनरशी कसं बोलावं हे चांगलं माहीत होतं. त्यानं गंभीर तोंड केलं. "नीट ऐक. दोन थापा मारल्यास तर जाऊ दे. एक थाप मारलीस तर थांब. कळलं? मस्ती नाय करायची. तुझ्या भरवशावर गाडी हाय." आणि त्यानं स्वतःच्या बाजूच्या दारावर मारून दाखवलं. धप धप, जाऊ दे. धप, थांब.

हृतिकनं नाक वर ओढलं. छोटा तळवा उचलला. आणि दारावर एक थाप मारली.

गाडी थांबली.

पोरानं बापाकडे बघितलं. बापानं पोराकडे बघितलं. पोरानं दोन थापा मारल्या. गाडी निघाली. एक मारली. थांबली! हृतिकच्या चेहऱ्यावर जे काही उजाडलं ते बघून भगवान हरखूनच गेला. एवढा मोठा बाप्या, एवढी मोठी गाडी, आणि माझ्या हातानं थांबते!

इथं भगवानची चूक झाली, आणि ती फक्त ट्रेलरवाल्याचीच होऊ शकते. खेळ गल्लीपुरताच ठेवायचा, असा त्याचा विचार होता. पण थाप पडली की ब्रेक, कारण नंतर विचारायचं, हा नियम त्याच्या डोक्यात नव्हता, पायात होता. क्लीनरची थाप न ऐकणारा ड्रायव्हर एक दिवस कुणाच्या तरी अंगावर गाडी घालतो, हे त्याच्या उस्तादानं त्याला कान पिळून शिकवलं होतं. गाडी मोठ्या रस्त्याला लागली तरी पाय काही ऐकेना. धप, की थांब.

आणि नव्या क्लीनरला पुण्यात थांबण्यासारखं फार दिसत होतं. फुगेवाला दिसला, धप. झोपलेलं कुत्रं दिसलं, धप. लाल बस दिसली, धप. एका दुकानाबाहेर प्लास्टिकच्या बादल्यांची उतरंड होती, तिच्यात काय दिसलं देव जाणे, तिच्यासाठी तीनदा धप. टिळक रस्त्यावर ओम्नीच्या मागे भोंग्यांची मिरवणूक लागली.

शेवटी एक स्कूटरवाले गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. डोक्यावर टोपी, हँडलला भाजीची पिशवी. "अहो, गाडी बिघडली असेल तर बाजूला घ्या," ते म्हणाले, "आणि डोकं बिघडलं असेल तर घरी जा!"

"मी काय करू काका, क्लीनरनं थांबवलंय," भगवान मनापासून म्हणाला.

गृहस्थांनी डावीकडे वाकून बघितलं. लुगड्याच्या धडप्यात बांधलेला, गालांवर वाळलेलं रडू आणि नाकाखाली शेंबूड असलेला क्लीनर त्यांच्याकडे करड्या नजरेनं बघत होता. गृहस्थांचा आवाज जरा खाली आला. "असं होय. मग क्लीनरसाहेब, जाऊ का आम्ही?"

क्लीनरसाहेबांनी विचार केला. दोन थापा मारल्या. गृहस्थ निघाले, पण निघताना हसू काही त्यांना दाबता आलं नाही.

स्वारगेटहून ती बाग म्हणजे हाकेच्या अंतरावर. त्यांना पोहोचायला दुपार झाली. तोवर भिरकावलेला बिस्किटाचा पुडा भगवाननं पायाखालून शोधून काढला होता, आणि ड्रायव्हर एक, क्लीनर एक, अशा वाटणीनं तो संपला होता. पोर बिस्किट घ्यायचं, पण अजून बोट धरायचं नाही. गाडीतून उतरवताना अंग ताठ करायचं. काम वेगळं आणि जवळीक वेगळी, असा त्याचा हिशेब असावा. भगवान मनात म्हणाला, असू दे. रडत तर नाही!

आगगाडीत मात्र गंमत झाली. पोरांची ती बुटकी गाडी, समोर इंजिन, इंजिनात खाकी कपड्यातला ड्रायव्हर. भगवाननं पोराला बाकावर बसवलं आणि आपण गुडघे छातीशी घेऊन शेजारी कसाबसा मावला. शिट्टी झाली, गाडी निघाली. वळणावर हृतिकला कारंजं दिसलं. त्यानं डब्याच्या पत्र्यावर थाप मारली. धप.

गाडी थांबली नाही.

त्यानं पुन्हा मारली. जोरानं मारली. दोन्ही हातांनी मारली. गाडी आपली झुकझुक करत चाललेली. कारंजं मागे गेलं. पोराचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला. असा अपमान त्याचा आयुष्यात झाला नव्हता. त्यानं एकदा इंजिनातल्या त्या खाकी पाठीकडे बघितलं, एकदा शेजारच्या माणसाकडे बघितलं, आणि मग ते बाकावर उभं राहिलं, भगवानच्या शर्टाला दोन्ही मुठींनी धरून त्याच्या मांडीवर चढलं आणि गळ्यात हात टाकून, कानाशी तोंड नेऊन, हुंदके देत तक्रार करू लागलं.

"थांबत नाय! डायवल थांबत नाय!"

हात कुठं ठेवावेत ते भगवानला कळेना. मग त्यानं ते त्या एवढ्याशा पाठीवर ठेवले, अलगद, उडून जाईल की काय अशा भीतीनं. "येडा हाय तो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लोकलवाला हाय. त्याला काय कळतंय. तू नको रडू, बाळा. मी हाय ना. मी थांबतो."

गाडीनं तीन फेऱ्या मारल्या आणि उतरायची वेळ झाली, तरी पोर गळ्यातून सुटलं नाही. एका झाडाखालच्या बाकावर येऊन बसेपर्यंत ते खांद्यावर झोपी गेलं होतं. लाळेनं भगवानचा शर्ट ओला झाला. हाताला मुंग्या आल्या, मग हात आहे की नाही तेच कळेनासं झालं. पण भगवान हलला नाही. पोराच्या डोक्याला येणारा खोबरेल तेलाचा आणि घामाचा वास घेत तो उन्हं कलेपर्यंत तिथंच बसून राहिला. पुण्यात बघण्यासारखं पुष्कळ काय काय असतं म्हणे. त्यातलं त्यानं काहीही बघितलं नाही.

लॉजवर मनीषाचं डोकं आता खरंच गरगरायला लागलं होतं. गेले कुठं? पोर रडून रडून निळं पडलं की काय? ती खाली उतरून दारात येऊन उभी राहिली होती. ओम्नी दिसली, थांबली, निघाली, थांबली, पुन्हा निघाली, आणि तिला काही समजेना. भगवान पोराला कडेवर घेऊन उतरला. धावत जाऊन तिनं हात पुढे केले.

हृतिकनं आईकडे बघितलं. मान फिरवली. आणि बापाच्या खांद्यावर गाल टेकला.

"घ्या!" मनीषा म्हणाली. "मीच खड्डा खनला!" ती हसत होती, आणि तिला जरा रडूही येत होतं. नऊ महिने पोटात कुणी वाढवलं, रात्र रात्र कुणी जागून काढली, आणि हा बघा, एका दिवसात फितूर! "काय केलंत तुमी त्याला?"

"काय नाय," भगवान म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता की रस्त्यानं जाणारेही वळून बघत होते. "कामाला ठेवला."

रविवारी रात्री ओम्नी गव्हाणात शिरली ती भोंगा वाजवत. भगवान पोराला खांद्यावर बसवून साऱ्या आळीतून फिरला. काम असो नसो, प्रत्येक दारात उभा राहिला. हळदीच्या जागरणानं तारवटलेली हौसाबाय ओट्यावर बसली होती. तिनं हात पुढे केले, तर नातू बापाच्या केसांना धरून बसला. "बया!" ती म्हणाली. "मेल्यानं पोराला काय खायला घातलं?" भगवानला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. असा बाप गावात दुसरा नाही, असं त्याचं त्यालाच वाटत होतं. जिंकलो म्हणून तो झोपला.

सोमवारी सकाळी फेरी होती. लुधियानाचा माल.

शिवा मोटरसायकल घेऊन दारात आला. तो भगवानला यार्डापर्यंत सोडायचा. भगवाननं बॅग घेतली, आईच्या पाया पडला, मनीषाला "येतो" म्हणाला. एवढ्यात घरातून हृतिक आला. त्यानं आपल्या चपला स्वतःच शोधून काढल्या होत्या. डाव्या पायातली उजव्या पायात घातली होती, दुसरी हातात होती. तो तुरुतुरु आला आणि मोटरसायकलपाशी उभा राहून म्हणाला, "चल."

भगवान खाली बसला. "बाळा, बाबा कामाला जातो. जातो आनि येतो."

"मी," हृतिक म्हणाला.

"तू नाय. तू आईकडं र्‍हायचं."

पोरानं थोडा वेळ बापाच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याला समजलं. आणि ते रडायला लागलं. तो नेहमीचा सायरन नव्हता. आवाज आधी फुटेचना, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, आणि मग आतून कुठूनतरी आला. मनीषानं उचललं तर ते कमान होऊन मागे झुकलं. हौसाबायनं खाऊ दाखवला, त्याकडे त्यानं बघितलंही नाही. दोन्ही हात बापाकडे.

"जा तुमी," मनीषा म्हणाली. "जितका येळ थांबाल तितकं वाईट."

भगवान मोटरसायकलवर बसला. मागे वळून बघितलं नाही. आळी संपली, देऊळ गेलं, उरणच्या रस्त्याला लागले, कंटेनरांच्या रांगा लागल्या, तरी त्याच्या कानातलं ते रडणं काही जाईना.

"गप राहिला आसंल आता," शिवा पुढून ओरडला. "पोरांचं काय!"

यार्डात ट्रेलर भरून उभा होता. कागद तयार. भगवान केबिनमध्ये चढला, गाडी सुरू केली. काचेवरच्या फोटोतलं पोर हसत होतं. इंजिन बराच वेळ नुसतंच चालू राहिलं. मग ते बंद झालं. भगवान खाली उतरला आणि कंटेनरांच्या थप्प्यांमधून वाट काढत मालकाच्या ऑफिसात गेला.

अविनाशशेठ चहा पीत होते. हाही आगरीच माणूस, बंदरात मिठागरं गेल्यावर दोन ट्रेलर घेऊन धंद्यात पडलेला आणि वाढलेला.

"शेठ, लोकलला ड्रायव्हर पायजे होता ना तुमाला?" भगवाननं विचारलं.

"पायजे की. हाय काय कोन तुझ्या बघन्यात?"

"मीच."

शेठनी कप खाली ठेवला. त्याच्याकडे नीट बघितलं. "काय झालं रे? पाठ धरली? डोळ्याला कमी दिसाय लागलं?"

"नाय शेठ. घरी पोर रडतंय."

"हात् तुझी!" शेठ हसायलाच लागले. "आरं, तुझं पोर तुना बघून रडतंय, हे आख्ख्या यार्डाला म्हाईत हाय. त्यात नवीन काय?"

"बघून नाय, शेठ," भगवान म्हणाला. त्याचा बिनमिशीचा ओठ थरथरत होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तोंडभर हसू पसरलं होतं. ते काही केल्या त्याला आवरत नव्हतं. "मी निघालो म्हनून रडतंय. मी निघालो म्हनून!"